मातीनं घेतलं नाही

(ग्रीसच्या दक्षिण टोकाकडचं एक गाव. दफनभूमीत शेजारी शेजारी उकरलेली दोन थडगी. एकाच्या काठावर हाडांनी भरलेलं प्लास्टिकचं घमेलं, दुसऱ्याच्या काठावर वर काढून ठेवलेली शवपेटी. सकाळचं ऊन. आरेती आणि तिचा धाकटा भाऊ स्ताथिस.)

आरेती : झाकण लाव. स्ताथिस, आधी ते झाकण लाव म्हणते ना मी!

स्ताथिस : लावलंय गं ताई. कधीच लावलंय. डोळे उघड.

आरेती : नीट नाही बसलं. वास येतोय.

स्ताथिस : येणारच. आत आई आहे, अत्तराची कुपी नाही.

आरेती : जीभ झडो तुझी! स्वतःच्या आईबद्दल बोलतोयस.

स्ताथिस : मग कुणाबद्दल बोलू? तूच बोलावलंस. ‘तीन वर्षं होऊन गेली, रिवाजाप्रमाणे आईबाबांची हाडं काढून धुऊन ठेवायचीत, निदान मुलगा म्हणून उभा तरी राहा.’ आलो पिरेअसहून रात्रभर बसमध्ये हाडं मोडून घेत. राहिलो उभा. खणणारे कुठे उलथले?

आरेती : कॉफी प्यायला. पाद्रीबाबा आल्याशिवाय ते हात लावणार नाहीत आता. असं... असं निघालं की लावत नाहीत. आणि त्या बायका! वासिलो, दिमित्रूला, ती बेकरीवाली. पाहिलंस ना कशा पळाल्या? छातीवर क्रूस काढत काढत.

स्ताथिस : पळाल्या कसल्या! गावभर सांगायला गेल्या. आल्या होत्या कशा नटून, लग्नाला आल्यासारख्या. हातात मेलेल्यांच्या नावानं वाटायच्या उकडलेल्या गव्हाचे डबे, वर साखर पेरलेली, डाळिंबाचे दाणे. पेटीचं झाकण निघालं तरी त्या वासिलोनं चमचा खाली ठेवला नाही. मला तर तिथंच उलटी होईल असं वाटलं.

आरेती : तुला कशानं होत नाही? धूप जाळला, उलटी. घंटा वाजली, उलटी. लहानपणापासून तेच. बापानं शिकवलं ना.

स्ताथिस : बापाला मध्ये आणू नकोस. तो बघ बिचारा घमेल्यात बसलाय.

आरेती : त्याचंच तर कोडं पडलंय मला.

स्ताथिस : कसलं कोडं?

आरेती : बघ ना त्यांच्याकडे. नीट बघ. एकेक हाड कसं आलंय, मेणासारखं पिवळंधमक. कुठे काळा डाग नाही, चिकटलेलं काही नाही. वासिलो हातात घेऊन म्हणाली, ‘अशी हाडं तर साधूंची निघतात.’

स्ताथिस : ऐकलं मी. आणि मला हसू फुटलं, म्हणून ती माझ्याकडे पाहून थुंकलीही.

आरेती : हसण्यासारखं काय होतं त्यात?

स्ताथिस : काय होतं? अगं, ज्या माणसानं गुड फ्रायडेला, ऐन उपवासाच्या दिवशी, भर अंगणात शेगडी पेटवून मेंढीचं मांस भाजलं, का, तर मिरवणूक समोरून जाताना धूर सगळ्यांच्या नाकात जावा म्हणून! पाद्री रस्त्यात दिसला की जो खिशात हात घालून नको तिथं चाचपायचा, अपशकुन टाळायला! त्याची हाडं साधूंची? आणि आई, जिनं आयुष्यभर बुधवार-शुक्रवार तेलाचा थेंब जिभेवर ठेवला नाही, तिला तीन वर्षांत मातीनं हात लावला नाही. हसू नको तर काय करू?

आरेती : हसू नकोस. पाया पडते तुझ्या. मला भीती वाटतेय रे.

स्ताथिस : कशाची?

आरेती : आजीची. आईच्या आईची. आपण दोघंही झालो नव्हतो तेव्हाचं. मला आईनंच सांगितलेलं. बाबांबरोबर पळून आली, तेव्हा आजी उंबऱ्यात उभी राहून ओरडली होती, ‘देव न मानणाऱ्याच्या अंथरुणात निजलीस, माती तुला घ्यायची नाही!’ आई शेवटच्या आजारातसुद्धा ते घोकत होती. ‘आरेती, मला माती घेईल ना गं?’ मी म्हणायचे, ‘तुला नाही घेणार तर कुणाला घेणार?’ आणि आज बघ!

स्ताथिस : म्हणजे एका खवट म्हातारीनं रागाच्या भरात काहीतरी बरळलं, आणि पन्नास वर्षांनी मातीनं ते लक्षात ठेवलं?

आरेती : तुझ्यासाठी सगळंच बरळणं.

स्ताथिस : आणि तुझ्यासाठी आपली आई पापी. सकाळी इथं आलीस तेव्हा ती तुझ्या लेखी संत होती. एक फळी निघाली, झाली पापी. इतकीच तुझी श्रद्धा? मला तुमच्या देवाचा राग नाही येत, ताई. तो नाहीच, राग कुणावर धरू? मला तुमची शिसारी येते. मेलेल्या माणसाला उकरून काढायचं, कलिंगड दाबून बघावं तसं बघायचं, आणि ठरवायचं, गोड निघालं की नासकं.

आरेती : आणि तुमची नाही येत आम्हाला? बाबा वारले तेव्हा तू काय केलंस? ‘त्यांना पाद्री नको होता, मिठाईच्या खोक्यासारखं उचला आणि पुरा.’ चार माणसांसमोर! आई तिथं उभी होती.

स्ताथिस : ते त्यांचंच म्हणणं होतं. शुद्धीत असताना शंभरदा सांगितलेलं. आणि तू काय केलंस? ते उठून भांडू शकत नाहीत हे बघून पाद्री आणलास. जिवंतपणी ज्याला दारात उभं केलं नाही, त्याच्याकडून त्यांच्या तोंडावर पाणी शिंपडून घेतलंस. असला प्रकार कुणी शत्रूशीही करत नाही.

आरेती : मी त्यांना वाचवत होते.

स्ताथिस : कशापासून?

आरेती : ...तू जा. तू परत जा पिरेअसला. मी बघते माझं.

स्ताथिस : जाईन. आधी एक सांग. आतलं प्लास्टिक कुणी घातलं?

आरेती : कुठलं प्लास्टिक?

स्ताथिस : ताई.

आरेती : मी डोळे मिटले होते. मला काही दिसलं नाही.

स्ताथिस : मला दिसलं. वर ते जेरुसलेमचं पांढरं कापड, जे आईनं यात्रेहून आणून वीस वर्षं कपाटात जपलं, ते. आणि त्याच्या खाली जाडजूड कागद. पॉलिहाऊसचा. आपल्या टोमॅटोच्या शेडवर घालतात तोच, त्याची ती पिवळी कड मी कुठेही ओळखेन. मानेपासून पायापर्यंत दुहेरी गुंडाळलाय. आणि वरून काळी चिकटपट्टी. ती पट्टी माझी आहे. मी सुट्टीत येऊन तुझ्या स्वयंपाकघरातलं वायरिंग केलं होतं, तेव्हा खणात विसरलो होतो.

आरेती : हळू बोल.

स्ताथिस : कुणी नाहीये इथं.

आरेती : तरी हळू बोल.

स्ताथिस : म्हणजे तुला माहीत होतं. तासभर आजीच्या शापाच्या गोष्टी सांगतेयस, आणि तुला माहीत होतं!

आरेती : मला नव्हतं माहीत असं होईल म्हणून. देवाशप्पथ. मला वाटलं माती काय, सगळंच खाते. माझ्या डोक्यातूनच गेलं होतं ते. आज झाकण निघालं, तेव्हा कड दिसली, तेव्हा...

स्ताथिस : का घातलास?

आरेती : तू नव्हतास ना.

स्ताथिस : हे उत्तर नाही.

आरेती : हेच उत्तर आहे! तू नव्हतास. दर रविवारी फोन करून डॉक्टर काय म्हणाले विचारायचास. डॉक्टर काय म्हणणार? आठ महिने पाठीवर होती ती. पाठीला जखमा झाल्या, इतक्या की आत मूठ जाईल. सकाळी बांधलं की दुपारी भिजायचं. घरात कुणी यायचं नाही. याच बाया, वासिलो आणि त्या, दाराशी डबा ठेवून नाकाला रुमाल लावून जायच्या. आणि मग ती गेली. आणि तिचं एकच मागणं होतं, ‘ते कापड मला घाल, ते येशूच्या पवित्र थडग्यावर टेकवून आणलंय, त्याला डाग पडू देऊ नकोस.’ पेटी चर्चमध्ये उघडी ठेवायची. अख्खा गाव रांगेनं येऊन कपाळाचं चुंबन घेणार. आणि खालून पांढऱ्या कापडाला ते फुटलं असतं तर? सगळ्यांच्या देखत? म्हणून कागद घातला. शेडमध्ये गुंडाळी पडली होती. चांगला जाड, म्हटलं, काही बाहेर येणार नाही.

स्ताथिस : नाही आलं. आत पण काही गेलं नाही. ना पाणी, ना हवा, ना किडा. ताई, तू तिला बरणीत भरलंस गं.

आरेती : नको बोलूस असं.

स्ताथिस : पण मग प्रश्नच मिटला की! ना शाप, ना पाप. बाबा साध्या फळ्यांच्या पेटीत, सुती शर्टावर गेले, संपले. आई प्लास्टिकमध्ये राहिली. पाद्री आला की एक वाक्य सांग. वासिलोला सांग. आईचं नाव संध्याकाळपर्यंत स्वच्छ.

आरेती : नाही सांगणार.

स्ताथिस : का?

आरेती : काय सांगू? की ती जिवंतपणी सडत होती? ज्यांनी ज्यांनी ओठ टेकवले, त्यांना सांगू की खाली काय होतं? वासिलो ओकेल आणि मग गावभर तेच सांगत फिरेल. त्यापेक्षा पाप म्हणू दे. पाद्रीबाबा क्षमेची प्रार्थना म्हणतील, पाप धुतलं जाईल. घाण कुणी धुवत नाही रे. मी धुतलीय, मला माहीत आहे.

स्ताथिस : म्हणजे आईला पापी म्हणवून घेशील, पण...

आरेती : आणि मला काय विचारतील? सख्ख्या मुलीनं आईला शेडच्या कागदात गुंडाळलं? डागाची भीती होती म्हणून सांगितलं मी तुला. ते खरंच आहे. पण पुरतं खरं नाही.

स्ताथिस : मग?

आरेती : मला तिची किळस यायची, स्ताथिस. भांडी घासायचे हातमोजे एकावर एक दोन जोड घालून तिचं सगळं करायचे मी. तिनं हात पुढे केला तर मी काहीतरी काम काढून उठायचे. तिला कळायचं. शेवटी शेवटी हात पुढे करायचंच सोडलं तिनं. ती गेली तेव्हा मी आधी खिडक्या उघडल्या, मग रडले. आणि म्हटलं, आता गुंडाळायचं, परत दिसायला नको, परत हाताला लागायला नको. दर चाळीस दिवसांनी मी पाद्रीबाबांकडे पापांच्या कबुलीला जाते. कुणाला ‘मेली’ म्हटलं तेसुद्धा सांगते. हे नाही सांगितलं कधी. आणि आज सांगितलं कुणाला? तुला!

स्ताथिस : ...पाणी पी.

आरेती : नको.

स्ताथिस : मी फोनवर डॉक्टरचं विचारायचो, कारण मला आईला फोन दे म्हणायची हिंमत होत नव्हती. ती काय बोलेल, कशी ऐकू येईल... लोकांना सांगायचो, माझा असल्या देवभोळ्या घरात जीव घुसमटतो म्हणून जात नाही. छान कारण होतं. नास्तिक असण्याचा एवढा उपयोग मला आयुष्यात दुसऱ्या कशाला झाला नाही.

आरेती : आले बघ. पाद्रीबाबा. डोळे पूस.

स्ताथिस : तुझे पूस.

पापा-अनेस्तिस : देव तुम्हाला धीर देवो, लेकरांनो. काय ऐकतोय मी? फाटकाशी अर्धा गाव जमलाय. बायकांचं रडणं काय, कुजबुज काय. मी म्हटलं, आधी मी बघतो, मग बोला.

आरेती : आशीर्वाद द्या, बाबा.

पापा-अनेस्तिस : देवाचा आशीर्वाद. थ्रासिवुलोसची ही हाडं? अरे वा. किती वर्षं या माणसानं मला शिव्या घातल्या! बघ आरेती, मी त्याच्या पेटीवर प्रार्थना म्हटली तेव्हा तुझा भाऊ तणतणत निघून गेला होता. आज बघा फळ. येत्या रविवारी मी हे प्रवचनात सांगणार आहे.

स्ताथिस : सांगा ना. घमेलंही घेऊन जा. वेदीवर ठेवा.

आरेती : स्ताथिस!

पापा-अनेस्तिस : बोलू दे त्याला. याचा बापही असंच बोलायचा. आता गारिफालियाचं. दुःखाची गोष्ट आहे. इतकी धार्मिक बाई. क्षमेची प्रार्थना म्हणू, मग मागच्या भिंतीकडे पुन्हा पुरू. तिथं अशांसाठी जागा आहे.

स्ताथिस : अशांसाठी म्हणजे?

पापा-अनेस्तिस : ज्यांना मातीनं घेतलं नाही त्यांच्यासाठी. पण त्याआधी विचारणं माझं कर्तव्य आहे. घरात काही होतं का? कुणाचा शाप, काही लपवलेलं? तुम्हाला माहीत असेल तर आत्ता बोला, म्हणजे प्रार्थनेत नाव घेऊन मागता येईल. आरेती?

आरेती : बाबा, मी... तिच्या आईनं...

स्ताथिस : मी केलं ते.

पापा-अनेस्तिस : काय केलंस?

स्ताथिस : आत शेडचं प्लास्टिक आहे. झाकण काढून बघा. आईला मी गुंडाळलं. घरी, कापड घालायच्या आधी. चिकटपट्टीसुद्धा माझीच, माझ्या कामाची आहे.

आरेती : स्ताथिस, नको...

स्ताथिस : तू गप्प बस. तुला माहीत नव्हतं. पाद्रीबाबा, मला बघायचं होतं तुमची माती काय करते ते. म्हटलं, प्लास्टिकमध्ये ठेवू, तीन वर्षांनी उकरतील, तोंडं बघण्यासारखी होतील. झाली की नाही?

पापा-अनेस्तिस : स्वतःच्या आईच्या प्रेताशी? खेळ?

स्ताथिस : हो. आम्ही काय, देव नाही, धर्म नाही. आम्हाला आई काय आणि बकरी काय. तुम्हीच सांगत असता ना प्रवचनात?

पापा-अनेस्तिस : थू! एवढं नीच मी कधी ऐकलं नाही. ...थांब. तू त्या दिवशी गावात पोचलास तेव्हा घंटा वाजून गेली होती. पेटी चर्चमध्ये आणलेली होती. तू बाहेर सरूच्या झाडाखाली सिगारेट ओढत होतास. मी धूपदाणी घेऊन दारात आलो, तेव्हा पाहिलं मी तुला.

स्ताथिस : आधी येऊन गेलो होतो.

पापा-अनेस्तिस : आधी? पिरेअसहून?

स्ताथिस : आधी.

पापा-अनेस्तिस : आरेती, माझ्याकडे बघ. खरं आहे का हे?

आरेती : आत कागद आहे, बाबा.

पापा-अनेस्तिस : आरेती.

आरेती : हो, बाबा. त्यानंच केलं.

पापा-अनेस्तिस : असं. बरं. मग गारिफालियाचा काही दोष नाही. भिंतीकडे न्यायची गरज नाही. कागद काढा, इथंच तिच्या जागी परत ठेवू. मी फाटकावर जाऊन सांगतो.

स्ताथिस : काय सांगाल?

पापा-अनेस्तिस : तू सांगितलंस तेच. पटेल त्यांना, एका शब्दाचीही शंका घेणार नाहीत. पण गावात पुन्हा येताना विचार कर. तुला कुणी कॉफीसुद्धा देणार नाही. ...आणि आरेती, तू कबुलीला ये. या आठवड्यात नको. जेव्हा जमेल तेव्हा.

आरेती : येईन, बाबा.

स्ताथिस : गेला?

आरेती : गेले. बघ, वासिलोच्या खांद्यावर हात ठेवून सांगतायत. ती इकडे बघून थुंकली.

स्ताथिस : सकाळपासून दुसऱ्यांदा. थुंकी पुरते कुठून बाईला.

आरेती : तू का असं केलंस? तुझं तोंड कसं झालं होतं बोलताना! क्षणभर मलाच खरं वाटलं. मलाच तुझी घृणा आली.

स्ताथिस : म्हणून तर चाललं. ही माणसं माझ्याबद्दल काहीही मानायला तयार आहेत ना? मग म्हटलं, एकदा आईच्या कामी येऊ दे.

आरेती : मी पाद्रीबाबांच्या तोंडावर खोटं बोलले. क्रूस होता त्यांच्या हातात.

स्ताथिस : मलाही आपल्या दोघांचा वीटच आलाय. तू देवाच्या समोर खोटं बोललीस, मी देवाशिवाय बोललो. फरक काय पडला, मला सांगता येत नाही. चल, खणणारे येतायत. त्यांना सांगतो कागद काढायला. तू बाकावर जाऊन बस.

आरेती : नाही.

स्ताथिस : मग तोंड तिकडे कर. मी काढतो. तू बाबांची हाडं धू. धुवायला वाइन लागते, आणलीयस ना?

आरेती : ती तू धू. वाइन नको, पिशवीत उझो आहे, त्यांची ती बडीशेपेची दारू. त्यांना वाइन कधी आवडली नाही.

स्ताथिस : तू उझो आणलीस? बाबांसाठी?

आरेती : जास्त बोलू नकोस. झाकण काढ आणि कात्री दे.

स्ताथिस : ताई, आत फार वाईट आहे. खरंच सांगतो. निदान ते खणणाऱ्याचे हातमोजे तरी घाल.

आरेती : नको. आज हातमोजे नकोत.